आधी आत बघा

"पिशवी आणलीय ना आजी? ओता इथं सगळं."

आजींनी कॅरीबॅग टेबलावर उलटी केली. अझिथ्रोमायसिनच्या सिरपची रिकामी बाटली, सर्दीच्या औषधाची अर्धी बाटली, तापाचं औषध, कानात घालायच्या थेंबांच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कुप्या. एकीचं लेबल तेलाच्या हातांनी पुसट झालेलं. सहा वर्षांचा नातू डावा कान खांद्याला घासत आजींच्या पदराला धरून उभा. कान, नाक, घशाच्या डॉक्टरीणबाईंनी एकेक बाटली उचलून वाचली, बाजूला ठेवली.

"कानात बत्ती घालून बघितलं का कुणी?"

"न्हाई. तीन ठिकाणी नेलं. दुखतोय का म्हणून इचारलं, आन् औषिद दिलं."

सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावातला हा दवाखाना. बाहेर श्रावणातला पाऊस, व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग. कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवरून एसटीने आलेली माणसं बाकांवर दाटीवाटीने बसलेली. पावसाळ्यात इथे रोजच गर्दी असते. कुणाचा कान ठणकतोय, कुणाचा वाहतोय, कुणाचा घसा धरलाय. तक्रारी मोजक्याच असतात आणि एकसारख्याच वाटतात. पण त्यांच्या आत दडलेले आजार फार वेगवेगळे असतात. काही आजार काहीच न करता तीन दिवसांत जातात. काही वर्षानुवर्षं मुकाट्याने ऐकू येणं खात राहतात. एखादा थेट हृदयाची झडप निकामी करतो. यातला कुठला आजार समोर बसलाय, हे फक्त ऐकून कळत नाही. आत बघावं लागतं. आपल्याकडे नेमका हा बघण्याचा भाग गळून पडलाय आणि त्याच्या जागी गोळी आलीय. म्हणून आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यांना औषधांचा मारा होतो आणि ज्यांना औषधाची, कधी ऑपरेशनची खरी गरज असते त्यांच्यापर्यंत कुणी पोचत नाही. हे बदलता येण्याजोगं आहे, आणि त्याला फार मोठा खर्चही लागत नाही, हे मला या लेखातून सांगायचंय.

बाईंनी नातवाला आजींच्या मांडीवर बसवलं. आजींचा एक हात त्याच्या कपाळावर, दुसरा त्याच्या दोन्ही हातांभोवती. मूल ऐन वेळी हललं तर नळी आत लागते, म्हणून ही पकड. मग कानाची पाळी हलकेच मागे आणि वर ओढली. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर मागे आणि खाली ओढायची, तान्ह्या मुलांच्या कानाची वाट वेगळ्या दिशेने वळलेली असते. ऑटोस्कोपचं टोक आत गेलं, त्यातला दिवा लागला. पहिल्यांदा त्यांनी न दुखणारा कान बघितला. तो बघून मला म्हणाल्या, "या, आधी चांगला कान कसा दिसतो ते बघा."

चांगला पडदा करड्या मोत्याच्या रंगाचा असतो, जवळजवळ पारदर्शक. वरून खाली येणारी हातोडा नावाच्या हाडाची दांडी त्यातून दिसते. खालच्या, पुढच्या बाजूला प्रकाशाचा एक चकचकीत त्रिकोण उमटतो. पडदा ताठ आणि जागेवर असल्याची ती खूण. मग डावा कान. तिथे त्रिकोण नव्हता, दांडी नव्हती. पिवळसर लाल फुगवटा पुढे आला होता. पडद्यामागे पू साठून त्याला बाहेर ढकलत होता.

इथे बाईंनी एक गोष्ट समजावली, ती डॉक्टरांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे. लाल पडदा म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे. मूल रडलं की पडदा लाल होतो, ताप असला तरी होतो. निदान ठरतं ते फुगवट्यावर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही भर आहे तो फुगवट्यावरच. लाली बघून अँटिबायोटिक लिहिलं तर अर्ध्या रडणाऱ्या मुलांना ते विनाकारण मिळेल.

मुलांचेच कान का दुखतात, याचं उत्तर एका बारीक नळीत आहे. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ती युस्टेशियन नळी म्हणून ओळखली जाते. कानाच्या पडद्यामागची पोकळी आणि नाकाची मागची बाजू यांना ती जोडते. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि आतला हवेचा दाब सारखा होतो. घाट उतरताना कानात 'टक्' होतं ते तिच्यामुळेच. मोठ्या माणसात ती लांब आणि उतरती असते. मुलांमध्ये आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की तिचं तोंड सुजतं, आतली हवा शोषली जाते, पाणी साठतं आणि नाकातले जंतू चढून वर येतात. न्यूमोकोकस, हिमोफिलस आणि मोराक्सेला हे तिघे नेहमीचे. वय वाढलं की नळी लांबते, कलते आणि बहुतेक मुलांची कानदुखी शाळेच्या पहिल्या काही वर्षांत मागे पडते.

बाळाला आडवं झोपवून बाटलीने दूध पाजणं, घरातला विडीचा किंवा चुलीचा धूर, नाकामागे वाढलेलं ॲडेनॉइड, हे सगळं त्या नळीच्या विरोधात जातं. आईचं दूध तिच्या बाजूने उभं राहतं. लसही राहते. न्यूमोकोकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली आणि २०२१ मध्ये देशभर झाली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती मोफत मिळते. ती मुख्यतः न्यूमोनियासाठी असली तरी कानालाही तिचा आधार होतो. ही लस बनवणाऱ्यांमध्ये पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही आहे.

आता उपचार. आजींच्या नातवाला पहिलं औषध मिळालं ते दुखणं थांबवणारं: पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने, दर सहा तासांनी. बाई म्हणाल्या, "आईवडलांना वाटतं, हे साधं तापाचं औषध काय देतायत. पण पोर रात्रभर रडतंय ते दुखण्यानं. ते आधी थांबवायला नको?" हे अगदी सरळ आहे, तरी आपल्याकडे अँटिबायोटिक आधी आणि वेदनाशामक विसरून, असा उलटा क्रम सर्रास दिसतो. अँटिबायोटिकने पहिल्या दिवशीचं दुखणं कमी होत नाही. जगभरातल्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत हे स्वच्छ दिसतं. अँटिबायोटिक घेतलेली असोत की नुसतं बिनऔषधी मिश्रण, सुमारे ६० टक्के मुलांचं दुखणं २४ तासांत थांबलेलं होतं. पुढच्या दिवसांत औषधाचा थोडा फायदा दिसतो, पण त्याबरोबर जुलाब, उलट्या आणि पुरळ उठलेली मुलंही वाढतात.

म्हणून दोन वर्षांपुढचं मूल, एकच कान, फार ताप नाही, अशा वेळी दुखणं आवरून ४८ ते ७२ तास वाट बघणं हा उपचारच आहे. वाट बघायची म्हणजे सोडून द्यायचं नाही. परत यायची तारीख ठरवायची आणि परत आत बघायचं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे दोन्ही कान, ३९ अंशांच्या वर ताप, किंवा कानातून पू येऊ लागलेला, तिथे मात्र थांबायचं नाही. आणि द्यायचं ते अमॉक्सिसिलिन, जुनं, स्वस्त, योग्य मात्रेत. आजींच्या पिशवीतलं अझिथ्रोमायसिन या आजारात पहिल्या पसंतीचं नाही. पण दिवसातून एकदा, तीन दिवस, झालं, ही त्याची सोय सगळ्यांना आवडते. भारतातल्या खासगी बाजारातल्या २०१९ च्या विक्रीचा अभ्यास २०२२ मध्ये लॅन्सेटच्या आग्नेय आशियाच्या नियतकालिकात आला. त्यात सगळ्या अँटिबायोटिक्समध्ये सर्वांत जास्त खपलेली गोळी अझिथ्रोमायसिन ५०० ही होती. ती कुठल्या आजारासाठी खपली हे त्या आकड्यांत नाही. पण गावोगावच्या पिशव्या बघितल्या की पुष्कळसा अंदाज येतो.

नातवाला सौम्य ताप होता, पण कान तीन दिवस दुखतच होता आणि फुगवटा मोठा होता. म्हणजे वाट बघण्याची मुदत आधीच संपलेली. त्याला अमॉक्सिसिलिन मिळालं. आजींनी हळूच विचारलं, "तेल घालू का कोमट करून? लसणीचं?"

"नको आजी. पडदा फुगलाय, कधीही फुटंल. फुटल्यावर तेल आत जाईल. बाहेरून शेका हवं तर."

आजींचा राग येण्याचं कारण नाही. ज्या घरात रात्री दोन वाजता एसटी नसते, तिथे हाताशी असलेलं तेच एक औषध असतं. पण पडद्याला छिद्र असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं, आणि बाहेरच्या कानातलं तेल पावसाळी हवेत बुरशीला पोसतं.

*

त्या दिवशी आलेल्यांत ज्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटली, त्या मुलाला काहीच दुखत नव्हतं. नववीतला मुलगा. वडील म्हणाले, "कान लहानपणापासनं वाहतोय. पाऊस आला की वाहतो, उन्हाळ्यात थांबतो. दुखत न्हाई काय."

दुखत नाही, इथेच घात आहे. पू साठल्याने पडदा फुटतो तेव्हा दाब सुटतो आणि ठणका थांबतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं. बहुतेकदा ते छिद्र आपोआप भरूनही येतं. पण काहींचं भरत नाही. मग प्रत्येक सर्दीत, प्रत्येक डोक्यावरून घेतलेल्या आंघोळीत, विहिरीतल्या प्रत्येक उडीत जंतू आत जातात आणि कान पुन्हा वाहू लागतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ फुटलेल्या पडद्यातून पू येत राहिला की जागतिक आरोग्य संघटना त्याला जुनाट म्हणते. संघटनेच्या २००४ च्या अहवालात जगभर अशा वाहत्या कानांच्या माणसांची संख्या साडेसहा कोटी ते तेहतीस कोटींच्या दरम्यान धरलेली आहे, आणि त्यांतल्या सुमारे ६० टक्के लोकांचं ऐकणं कमी झालेलं. ही माणसं मुख्यतः गरीब देशांतली आहेत. दाटीची घरं, कुपोषण, वेळेवर न मिळालेले उपचार या गोष्टींतून हा आजार उभा राहतो.

बाईंनी आधी कान कोरडा केला. बारीक सळईच्या टोकाला कापूस गुंडाळायचा, आत टेकवायचा, पू टिपायचा, फेकायचा, नवा गुंडाळायचा. सात-आठ वेळा. तोवर वडिलांना सांगणं चालू: "घरी सळई नाही घालायची. स्वच्छ सुती कापडाची किंवा टिश्यूची वात करायची, कानात ठेवायची, भिजली की काढायची, दुसरी ठेवायची. कोरडी येईपर्यंत. मग थेंब. पुवावर थेंब टाकले तर ते पुवातच राहतात." थेंब सिप्रोफ्लॉक्सासिनचे. जुनाट वाहत्या कानात पोटातून घेतलेल्या गोळीपेक्षा कानात घातलेले थेंब जास्त काम करतात, कारण औषध थेट हव्या त्या जागी पोचतं. पण थेंब कुठलेही चालत नाहीत. निओमायसिन किंवा जेंटामायसिन असलेले थेंब फुटलेल्या पडद्यातून आत गेले तर आतल्या कानाच्या पेशींना इजा करू शकतात. आजींच्या पिशवीतल्या दोन कुप्यांपैकी एकीत निओमायसिन होतं. पडदा फुटलाय की नाही हे न बघता ती कुपी दिली गेली होती.

पू टिपून झाल्यावर पडद्याच्या मधोमध वाटोळं छिद्र दिसलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. छिद्र मध्यभागी असलं तर कान तुलनेने सुरक्षित. छिद्र वरच्या बाजूला किंवा कडेला असेल, पू थोडाच पण कुजका वास येणारा असेल, आत पांढरे पापुद्रे दिसत असतील, तर प्रकरण वेगळं. कातडी पडद्यातून आत शिरून तिथे साठत जाते आणि आजूबाजूचं हाड खात जाते. कोलेस्टिॲटोमा म्हणतात त्याला. कानाचं छप्पर म्हणजे मेंदूची जमीन, मध्ये हाडाचा पातळ पत्रा. तो गेला की मेंदूत गळू, मेंदूज्वर. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, ती दबली की अर्धा चेहरा लुळा. याला थेंब पुरत नाहीत, ऑपरेशन लागतं. कानामागे सूज येऊन पाळी पुढे ढकललेली दिसणं, चक्कर, असह्य डोकेदुखी, वाहत्या कानात नव्याने दुखू लागणं, तोंड वाकडं होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

मग बाईंनी ५१२ कंपनांचा नादकाटा तळहातावर आपटून त्याच्या कानासमोर धरला, नंतर कानामागच्या हाडावर टेकवला. "कुठं मोठं वाटतं?" "मागं." निरोगी कानात समोरून जास्त मोठं ऐकू यायला हवं. मग त्यांनी विचारलं, "वर्गात कुठं बसतोस?" तो काही बोलला नाही. वडील म्हणाले, "गुर्जी म्हणत्यात, ह्याचं ध्यान नसतं."

या मुलासाठी राज्यात एक व्यवस्था आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. वैद्यकीय पथकाने अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन मुलं तपासायची, आजार सापडला की पुढे पाठवायचं. तपासायच्या तीस दोषांच्या आणि आजारांच्या यादीत मधल्या कानाचा जंतुसंसर्ग आहे, बहिरेपणा आहे आणि संधिवाताने होणारा हृदयविकारही आहे. यादी उत्तम आहे. पण यादीतला कान सापडायचा तर पथकाच्या हातात ऑटोस्कोप हवा आणि तो वापरायची सवय हवी. नुसत्या बॅटरीच्या उजेडात पडदा दिसत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक शालेय पथकाकडे एक चालू ऑटोस्कोप, त्याचे सेल आणि वापराचं चार दिवसांचं प्रशिक्षण, एवढं झालं तरी हजारो मुलांचं ऐकणं वाचेल अशी माझी ठाम खात्री आहे.

मुलाला कान कोरडा ठेवायला सांगितलं: आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा, विहिरीत पोहणं बंद. काही महिने कान कोरडा राहिला की पडदा शिवण्याचं ऑपरेशन. बहुधा कानाच्या वरच्या स्नायूवरचा पातळ पापुद्रा घेऊन छिद्रावर बसवतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया होते.

*

पावसाळ्यातला तिसरा कान बुरशीचा. एका तरुण शेतकऱ्याला भात लावणीपासून खाज होती. आधी काडेपेटीची काडी, मग बाइकची किल्ली. त्याच्या कानात काळे ठिपके असलेला पांढरट लगदा भरलेला होता. पाळीच्या पुढचा उंचवटा दाबल्यावर तो कळवळला. बाहेरच्या कानाच्या दुखण्याची ती खूण आहे. मधल्या कानाच्या दुखण्यात तिथे दाबून सहसा काही होत नाही. यावर उपचार म्हणजे कान नीट साफ करणं आणि बुरशीविरोधी थेंब. अँटिबायोटिकचे थेंब दिले तर जंतू मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. मधुमेह असलेल्या वयस्क माणसाचा कान असा दुखत असेल, रात्री झोपू देत नसेल, तर जास्त जपायचं. जंतू हाडापर्यंत उतरलेला असू शकतो.

या बुरशीवरच्या औषधांत महाराष्ट्राचा एक मोलाचा वाटा आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. त्या सूक्ष्मजीवाचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना, पिंपरीवरून. कानातल्या बुरशीवर ते वापरलं गेलं. आपल्या मातीतून, आपल्या सरकारी कारखान्यात निघालेलं औषध होतं ते.

पिंपरीच्या त्याच कारखान्याचं नाव घशाच्या गोष्टीतही येतं.

*

दुखणाऱ्या घशांपैकी बहुतेक विषाणूंमुळे दुखतात. सर्दी, खोकला, बसलेला आवाज, डोळ्यांतून पाणी, हे बरोबर असलं तर घसा विषाणूचाच समजायचा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती आणि आठवडाभराचा धीर. आईने दिलेला हळद-दुधाचा पेला इथे अगदी योग्य जागी आहे.

पण मुलांच्या दुखऱ्या घशांत साधारण पाचातला एक ते तिनातला एक घसा 'अ' गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसचा असतो. तो एकदम येतो. सकाळी शाळेत गेलेलं मूल संध्याकाळी तापाने फणफणतं, थुंकी गिळवत नाही. खोकला नसतो. टॉन्सिल लालभडक, वर पांढरे ठिपके. जबड्याखालच्या गाठी सुजलेल्या, दाबल्यावर दुखऱ्या. रॉबर्ट सेंटर या अमेरिकन डॉक्टरांनी १९८१ साली याच चार खुणांची मोजपट्टी बनवली: ताप, टॉन्सिलवर पू, मानेच्या पुढच्या बाजूच्या दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव. एकही नसेल तर स्ट्रेप जवळजवळ नाहीच. पण चारही असल्या तरी शक्यता निम्म्याच्या आसपासच राहते. म्हणून खात्री करायची तर घशातून नमुना घ्यायचा.

तो नमुना पुढे कुठे जातो हे मी एका प्रयोगशाळेत जाऊन बघितलं. मेंढीचं रक्त मिसळलेल्या लालभडक जेलीच्या ताटलीवर काडी फिरवतात आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. सकाळी तंत्रज्ञाने ताटली खिडकीच्या उजेडात धरली. टाचणीच्या टोकाएवढ्या करड्या ठिपक्यांच्या भोवती जेली पारदर्शक झाली होती. जंतूंनी तिथलं रक्त विरघळवलं होतं. एवढ्या लहान जिवाची ताकद त्या वर्तुळांत डोळ्यांना दिसते.

स्ट्रेपचा घसा औषधाविनाही आठवड्याभरात बरा होतो. म्हणजे घशाच्या दृष्टीने बरा होतो. पण काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात, एक सांधा बरा होतो तोवर दुसरा धरतो. जंतूंविरुद्ध तयार झालेली शरीराची फौज स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. हाच संधिवाताचा ताप. सांधे पूर्ण बरे होतात. हृदयाची झडप होत नाही, विशेषतः डाव्या बाजूची मायट्रल झडप. वारंवार हल्ले झाले की ती जाड होते, आकसते. मग पंचविशीतली बाई बाळंतपणात धाप लागून रुग्णालयात येते तेव्हा कळतं की झडप अरुंद झालीय. दहा वर्षांपूर्वीचा दुखरा घसा तोवर कुणाच्या आठवणीतही नसतो. मुंबईच्या केईएमसारख्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांनी अशा झडपा पिढ्यान्‌पिढ्या बघितल्या आहेत.

आणि हे टाळता येतं. १९५० साली अमेरिकेच्या वायोमिंगमधल्या फोर्ट वॉरन या सैनिकी तळावर फ्लॉइड डेनी, लुईस वॅनामेकर आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप घसा झालेल्या जवानांना पेनिसिलिन देऊन दाखवलं की घशाचा उपचार वेळेवर झाला तर संधिवाताचा ताप बहुतेकांना येत नाही. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी संरक्षण मिळतं, हेही पुढे स्पष्ट झालं. पेनिसिलिन तेव्हा भारतात आयात होत असे. १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या साहाय्याने, पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी देशात पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

सत्तर वर्षं उलटली. 'अ' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस उपचारात आजही पेनिसिलिनला दाद देतो. इतक्या काळात इतक्या औषधांना जंतू निर्ढावले, हा नाही. दहा दिवस पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या, नाहीतर बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन. याच जंतूत अझिथ्रोमायसिनला प्रतिकार मात्र सापडतो. तरीही बहुतेक पिशव्यांत तेच निघतं. गोळ्यांच्या बाबतीत दुसरी अडचण दहा दिवसांची आहे. तिसऱ्या दिवशी घसा बरा वाटतो आणि स्ट्रिप कपाटात जाते. इंजेक्शनच्या बाबतीत अडचण भीतीची आहे. पेनिसिलिनच्या गंभीर रिअ‍ॅक्शनची धास्ती डॉक्टरांच्या मनात खोल बसलीय. ती रिअ‍ॅक्शन दुर्मीळ आहे. तिच्यासाठी ॲड्रिनलिन तयार ठेवून, रुग्णाला अर्धा तास बसवून इंजेक्शन देता येतं. ज्या मुलाच्या हृदयाला एकदा इजा झाली, त्याला तर दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षं तेच घ्यावं लागतं, आणि तिथे एक पाळी चुकणंही महाग पडतं. गोळीबार एका जंतूवर, आणि तोही योग्य गोळीचा, हे शहाणपण या एका इंजेक्शनात आहे. ते प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक महिन्यात उपलब्ध असलं पाहिजे.

क्युबातल्या पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं घशाचे उपचार, रुग्णांची नोंदवही, नियमित इंजेक्शनं आणि लोकशिक्षण एकत्र राबवून संधिवाताचा ताप झपाट्याने खाली आणला गेला. त्यासाठी त्यांना कुठलंही नवं औषध लागलं नाही.

*

घशात बघितलं तर आणखी एक गोष्ट सापडू शकते, जी नव्या पिढीच्या अनेक डॉक्टरांनी फक्त पुस्तकात बघितलीय: घटसर्प. टॉन्सिलवर करडा, चिकट पडदा, खरवडला तर रक्त येतं. मान दोन्ही बाजूंनी सुजलेली. ताप फारसा नाही पण मूल मलूल. तो पडदा श्वास अडवतो आणि त्याचं विष हृदयावर जातं. इथे अँटिबायोटिक एकटं पुरत नाही, घोड्याच्या रक्तद्रवातून बनवलेलं प्रतिविष तातडीने लागतं. नमुन्याचा निकाल येईपर्यंत थांबायचं नसतं. लसीकरण सुटलेल्या मुलांत हा आजार अजून डोकं काढतो. म्हणून दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींनंतर दीड वर्षाचा, पाच वर्षांचा, दहाचा आणि सोळाचा डोसही घ्यायचाच. शेवटचे दोन सर्वांत जास्त विसरले जातात.

आणि एक अपवाद, जिथे आत बघायचंच नाही. मुलाला खूप ताप, लाळ गळतेय, पुढे वाकून हनुवटी वर करून बसलंय, श्वासाला आवाज येतोय, तर घशात चमचा घालू नका. घशाच्या झाकणाला सूज असेल तर चमच्याने श्वास पूर्ण बंद पडू शकतो. मुलाला आहे तसं बसवून, रडू न देता, थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचं. हिमोफिलसची लस पंचगुणी लसीत आल्यापासून हे खूप कमी झालंय. मोठ्या माणसाचा घसा एकाच बाजूला दुखत असेल, तोंड उघडत नसेल, आवाज तोंडात घास धरल्यासारखा येत असेल आणि पडजीभ एका बाजूला सरकलेली दिसत असेल, तर टॉन्सिलशेजारी गळू आहे. ते सुईने किंवा छेद देऊन रिकामं करावं लागतं. गोळ्या बदलत बसण्यात दिवस घालवायचे नाहीत.

*

दुपारी शेवटी आले ते पन्नाशीचे गृहस्थ. साखर कारखान्यात कामाला. उजवा कान दुखतोय, दोन महिने. गावात कान दुखतो म्हणून तीनदा थेंब मिळाले होते, एकदा मळ काढून झाला होता. बाईंनी ऑटोस्कोप लावला. पडदा मोत्याच्या रंगाचा, प्रकाशाचा त्रिकोण जागेवर. काहीच नाही.

ऑटोस्कोप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तंबाखू?"

"मळतो. पोरवयापासनं."

कान आणि घसा यांच्या संवेदना काही सामायिक नसांतून जातात. जिभेचं मूळ, टॉन्सिल, स्वरयंत्राच्या बाजूची पोकळी, इथलं दुखणं कानात उमटतं. टॉन्सिलच्या साध्या ऑपरेशननंतर मुलं कान दुखतो म्हणतात ते यामुळेच. बाईंनी हातमोजा घालून जिभेच्या मुळाशी बोट फिरवलं, मग आरसा घातला, मग मानेवर दोन्ही हातांनी गाठी चाचपल्या. उजवीकडे एक होती. टणक, न दुखणारी. त्यांनी गृहस्थांना बाहेर पाठवलं नाही, मुलाला आत बोलावलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं की जिभेच्या मागे एक चट्टा आहे, त्याचा तुकडा तपासायला हवा, आणि ते याच आठवड्यात करायचं. कराडचं नाव दिलं, गरज पडली तर परळच्या टाटा रुग्णालयाची चिठ्ठी देते म्हणाल्या. मुलाने विचारलं, "मग कानातले थेंब चालू ठेवायचे का?"

"बंद करा. कान चांगला आहे."

ते गेल्यावर त्यांनी माझ्या वहीकडे बोट करून सांगितलं की हे मात्र ठळक लिहा: तंबाखू खाणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाचा एकच कान दोन-तीन आठवडे दुखतोय आणि आतून कान स्वच्छ आहे, किंवा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलाय, किंवा मानेत न दुखणारी गाठ आहे, तर थेंब, गुळण्या आणि अँटिबायोटिक यांत एक दिवसही घालवू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने घसा तपासून घ्यावा.